वीस हातांच्या आत

पहाटे साडेपाच

थंडीत एनॅमलचा रंग माणसासारखाच आखडून बसतो. डबा रात्रभर ओसरीवर राहिला तर सकाळी रंग ब्रशला लागत नाही, नुसता ओढला जातो. म्हणून आदल्या रात्री डबे स्वयंपाकघरात आणून ठेवायचे आणि त्यावरून घरात दोन शब्द ऐकून घ्यायचे, हा माझा डिसेंबरचा नेम. आज काळा, प्रशियन ब्लू, लेमन यलो, नारिंगी, पांढरा एवढंच लागणार आहे. शिवाय टर्पेंटाइन, आणि औषधाच्या जुन्या बाटलीत जवसाचं उकळलेलं तेल. दुकानातल्या डब्याला तेलाची गरज नसते. पण ज्योतीच्या कडा जिथे विरघळवायच्या असतात तिथे दोन थेंब टाकले की रंग उशिरा सुकतो, हात फिरवायला वेळ मिळतो.

२५ डिसेंबर २०२४, बुधवार. नाताळची सुट्टी आहे, म्हणजे शाळेची भिंत दिवसभर माझी. ओल्या रंगाला बोट लावून बघणारे दीडशे हात आज घरी आहेत.

भिंतीवरच्या कॅलेंडरात मार्गशीर्ष वद्य दशमी. ही तिथी मी मुद्दाम पाहिली. ज्यू लोकांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात. चंद्राचं वर्ष ऋतूंच्या मागे पडू नये म्हणून १९ वर्षांत ७ वेळा तेही अधिक महिना घालतात. त्यांच्या किस्लेव महिन्याची २५ तारीख म्हणजे आपली वद्य दशमी, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. तेव्हा आज संध्याकाळपासून आठ रात्री हनुक्का, त्यांचा दिव्यांचा सण. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असे आठव्या रात्री आठ. चंद्र आटत जातो, मध्ये अमावास्या येते, आणि दिवे मात्र रोज एकानं वाढतात. यंदाची अमावास्या ३० तारखेला, म्हणजे सहाव्या रात्री. दिवाळी बसवणाऱ्याला जे सुचलं होतं तेच हे बसवणाऱ्यालाही सुचलं असणार. अंधार भरपूर असल्याशिवाय दिव्याला किंमत येत नाही, आणि हे रंगवणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

सकाळी सात

मोटारसायकलच्या बाजूला घोडी बांधली, मागे डबे. तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, कोर्ट, बसस्टँड सगळं पांढरकवड्यात. केळापूरकडे उरली ती जगदंबा. नवरात्रात विदर्भातून आणि पलीकडच्या तेलंगणातून माणसं येतात तेव्हा या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आज रस्ता मोकळा आहे, धुकं शेतात खाली बसलेलं, आणि पऱ्हाट्यांवर शेवटच्या वेचणीचा कापूस. सूर्य वर आला की तो ओला पांढरा एकदम पेटल्यासारखा दिसतो. दरवर्षी ठरवतो की हा एकदा रंगवायचा. दरवर्षी कुणाच्या तरी दुकानाचा बोर्ड आधी येतो. यायचा, म्हणायला हवं. फ्लेक्स आल्यापासून बोर्डही येत नाहीत. आता शाळांच्या भिंती, अंगणवाड्या आणि पाण्याच्या टाक्या, एवढ्यावर माझं चालतं.

भिंत देवीच्या रस्त्याला लागून आहे. लांबी चाळीस फूट, उंची सहा. मुख्याध्यापकांनी विषय दिला होता ‘दिव्यांचे सण’. सहा चौकटी. पाच झाल्या आहेत: दिवाळीची पणती, त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ, बुद्धपौर्णिमेच्या मेणबत्त्या, शब-ए-बरातचे दिवे, नाताळची चांदणी. सहावी रिकामी होती. तिथे त्यांना सूर्य हवा होता, सौरऊर्जेचा. मी म्हटलं, सर, सूर्य हा काही सण नव्हे. मग हनुक्काचं सांगितलं.

“पेंटर, ते लोक आहेत कुठे इथे?”

इथे नाहीत. यवतमाळात मला कधी भेटले नाहीत. पण महाराष्ट्रात आहेत, आणि मराठीच बोलतात, असं मी सांगू लागलो. सरांना ते पटेना. शेवटी म्हटलं, २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय. सरकारचं नाव निघाल्यावर सर जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, काढा. पण तो सहा टोकांचा तारा नको, लोक भलतंच काढतात. टीव्हीवर लढाई चालू आहे.

ही अट मी मान्य केली. मान्य करताना घास अडकल्यासारखं झालं, त्याचं कारण पुढे येईल.

सकाळी आठ

भिंतीला खालून वीतभर लोणा लागलाय. पॉलिश पेपरनं घासला, झाडला, प्रायमरचा हात मारला. त्यावर जमीन करायची. आमच्या धंद्यात पार्श्वभूमीला जमीन म्हणतात. उरलेल्या पाच चौकटींची जमीन पिवळी आहे. सरांना पिवळा आवडतो. पिवळ्यावर दिवा पेटत नाही हे पाच वेळा सिद्ध झालं, तेव्हा सहाव्याला त्यांनी मला मोकळीक दिली. प्रशियन ब्लूमध्ये काळा, तीनास एक. कडांना अधिक काळा, मधे जिथे उजेड पडणार तिथे निळा थोडा उघडा. रुंद ब्रशनं आडवे हात, मग लगेच उभे. एनॅमलवर रेघ उरली की उन्हात ती चकाकते आणि अंधाराचं पत्र्याचं कपाट होतं.

जमीन सुकेपर्यंत घोडीवर बसून चौकटीची उंची मोजली. सवयीनं. खालची कड जमिनीपासून दोन फूट, वरची साडेपाच. रस्त्यानं चालणाऱ्याच्या डोळ्याखाली, सायकलवाल्याच्या डोळ्यासमोर.

या उंचीचा नियम आहे. माझा नव्हे, त्यांचा. हनुक्काचा दिवा वीस हातांच्या वर ठेवला तर तो चालत नाही, कारण माणसाची नजर तिथे जात नाही. वीस हात म्हणजे तीस फूट. तलमूद नावाच्या ग्रंथात हे लिहिलंय, दीड हजार वर्षांपूर्वीच्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हा कुणी बोर्ड लावणाराच बोलतोय. आम्हाला उस्तादनं पहिल्या महिन्यात हेच शिकवलं होतं. दिवा दाराशी बाहेरच्या बाजूला ठेवायचा, घर वर असेल तर रस्त्याकडच्या खिडकीत. आणि कुठवर जळता ठेवायचा? बाजारातली पावलं थांबेपर्यंत. सगळ्यात शेवटी कोण जायचं तर जळणाच्या काटक्या विकणारे, कारण अंधार पडल्यावर ज्याला जळण आठवलं त्याला ते लागायचे. त्या काटकीवाल्यानं घरी जाताना दिवा पाहिला की काम झालं. चमत्कार घडला हे चारचौघांना कळवायचं, एवढाच त्या दिव्याचा उद्योग.

मुंबईत ज्यांच्या घरी राहायचो त्या नानांना मी म्हटलं होतं, म्हणजे बोर्डच की.

नाना हसले नव्हते. म्हणाले होते, बोर्डच.

सकाळी साडेदहा

खडूच्या दोरीनं मधली रेघ झटकली. नऊ ग्लासांची जागा आखली. आठ एका ओळीत आणि नववा वेगळा. तो वेगळा कुठे असतो, वर मधे की एका बाजूला, हे मला आठवत नाही. नानांकडचा दिवा पाहून पस्तीस वर्षं झाली. म्हणून तेवढं सोडून बाकीचं आखलं. रात्री नानांच्या मुलीला विचारायचं ठरवलंय.

सुट्टीची तीन पोरं सायकली टेकवून उभी राहिली. त्यातल्या एकानं मोबाइलवर चित्र काढून माझ्या तोंडासमोर धरलं.

“काकाजी, तुमचे दोन जास्त होऊन राहिले. यात सातच हायेत.”

पोरगं चुकलं नव्हतं. सात फांद्यांचं दीपवृक्षासारखं ते दिसतं ते जेरुसलेमच्या मंदिरातलं. मंदिर रोमन लोकांनी इसवी सन ७० मध्ये पाडलं आणि ते सोन्याचं दीपपात्र मिरवत रोमला नेलं. टायटसच्या कमानीवर त्याची मिरवणूक कोरलेली आजही आहे. इस्राएलनं १९४९ मध्ये राजमुद्रा केली ती त्याच सातफांदीची. हनुक्काचा दिवा निराळा. आठ रात्रींचे आठ, आणि नववा नोकर.

“नोकर?”

“त्याचं नावच ते. शम्माश. चाकर. बाकीचे आठ त्याच्यावरून पेटवायचे.”

“मग आठच काऊन नाही काढत? नोकर कायले?”

याचं उत्तर मला आवडतं. हनुक्काच्या दिव्याच्या उजेडात काही करायचं नसतं. वाचायचं नाही, शिवायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत. तो फक्त पाहायचा. पण खोलीत दिवा आहे तर उजेड कामाला येणारच, तो कसा अडवणार? म्हणून शेजारी एक चाकर उभा करायचा. चुकून काही दिसलं, काही वाचलं, तर ते चाकराच्या उजेडात झालं म्हणायचं. पोरांना यातली पळवाट लगेच कळली. एक म्हणाला, आमच्या वर्गात असाच एक हाय, सगळं त्याच्यावर ढकलतात.

जाताना दुसऱ्यानं हळूच विचारलं, “इस्राएलचं हाय काय हे?”

म्हटलं, कोकणातल्या तेल्यांचं आहे.

पावणेबारा

कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली थांबली. वर ताडपत्री, तिच्या फटीतून कापसाचे पुंजके बाहेर. ओळखीचा माणूस. यंदा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ आहे, पण ओलावा किती निघतो यावर सगळं, हे त्याचं नेहमीचं बोलणं झालं. मग बिडी काढली. मी त्याला टर्पेंटाइनची बाटली दाखवली, तेव्हा दूर जाऊन पेटवली.

ट्रॉली निघाल्यावर मला उंट आठवला. मिशना या त्यांच्या कायद्याच्या ग्रंथात एक खटला आहे. जवसाच्या झाडाच्या वाकाचे भारे लादलेला उंट बाजारातून चाललाय. भारा दुकानात घुसला, दुकानदाराच्या दिव्यावर पेटला आणि इमारत जळाली. भरपाई कुणी द्यायची? उंटवाल्यानं, कारण भारा इतका रुंद लादायला नको होता. पण दुकानदारानं दिवा बाहेर रस्त्यावर ठेवला असेल तर दुकानदारानं. इथे एक पंडित मध्येच म्हणतो, हनुक्काचा दिवा असेल तर दुकानदार सुटला. म्हणजे आठ दिवस रस्ता दिव्याचा. बाकीच्यांनी आपला कापूस सांभाळून न्यावा.

दुपारी एक

भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. आमच्याकडे जवस खातात आणि मी जवसानं रंगवतोही.

भायखळ्याला मी १९८६ मध्ये गेलो, वय वीस. सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्यांकडे रंग कालवायला. उस्ताद जुने होते. ‘श्री ४२०’च्या बॅनरवर नादिराची भुवई आपण कशी ओढली हे ते पंधरा दिवसांतून एकदा सांगत. नादिरा ज्यू होती हे मला नानांनी सांगितलं. नानांच्या घरी मी कॉटवर भाड्यानं राहायचो. डेव्हिड, ‘बूटपॉलिश’मधले जॉनचाचा, ते तर डेव्हिड अब्राहम चेऊलकर, अलिबागकडच्या चौलचे. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. पहिली मिस इंडिया झालेली प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम. मुंबईच्या भिंतींवर वीस वीस फुटांचे ज्यू चेहरे वर्षानुवर्षं रंगले आणि खालून जाणाऱ्यांना पत्ता नव्हता. नानांना याची फार मजा वाटायची.

नाना रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आडनाव कोकणातल्या गावाचं, शेवटी कर. घरात मराठी. त्यांच्या लोकांची, म्हणजे बेने इस्राएलांची, परंपरा अशी की पूर्वज येत असताना गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुढची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत, धंदा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. मुंबईत आले तेव्हा १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीत पहिलं प्रार्थनागृह बांधलं. बेने इस्राएल लोक त्याला मशीदच म्हणत, जुनी मशीद. मस्जिद बंदर स्टेशनला नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. पुण्यात मात्र ज्यूंच्या लाल विटांच्या प्रार्थनागृहाला गावानं नाव दिलं लाल देऊळ. एकाच धर्माचं घर मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ. कुणाचंही काही बिघडलं नाही.

आता यातली खरी गंमत. सणांना त्यांची मराठी नावं होती. नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण. पण हनुक्काला जुनं मराठी नाव नाही, कारण हा सणच त्यांना ठाऊक नव्हता. इसवी सनापूर्वी १६४ मध्ये ग्रीक राजाच्या तावडीतून मक्काबी बंधूंनी मंदिर सोडवलं. दिव्याला शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती, ती आठ दिवस जळली. त्याची आठवण म्हणजे हनुक्का. आपले पूर्वज त्याआधीच निघाले होते, असं बेने इस्राएल सांगत. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या आणि बगदादी ज्यूंशी संबंध वाढले तेव्हा हा सण घरात आला.

म्हणजे शेकडो वर्षं तेल काढणारी माणसं, आणि त्यांच्या धर्मात तेलाचाच सण होता हे त्यांना कुणी कळवलं नाही. दिव्याचा बोर्ड पोचला नव्हता.

नानांकडचा हनुक्काचा दिवा भिंतीवर टांगायचा होता. सागाची फळी, सहा टोकांच्या ताऱ्याच्या आकाराची. तिला पितळी कड्या, कड्यांत काचेचे छोटे ग्लास. १९८९ च्या डिसेंबरात मावशी, नानांची बायको, म्हणाल्या, “बॅनरवाले, आमची फळी काळी पडलीय काजळीनं. रंग दे की.” मी कड्या काढल्या, फळी घासली आणि आकाशी निळा दिला, दोन हात, कडेला सोनेरी रेघ. तो माझा स्वतंत्र असा पहिला रंग. बॅनरवर माझ्या वाट्याला तोवर नटांच्या कोटांची बटणं येत होती.

तेव्हा सरांनी तारा नको म्हटल्यावर घास अडकला तो यामुळे. आज भिंतीवर मी साधी कमानदार फळी काढली आहे. माझ्या स्वतःच्या कामाची चुकीची नक्कल.

दुपारी तीन

आता खरं काम. ग्लास.

मावशी ग्लासात अर्ध्याच्या वर पाणी घालायच्या, त्यावर खोबरेल. तेल तरंगतं, त्यावर पत्र्याची चकती, चकतीतून कापसाची वात. कापूस मी न्यायचो गावाहून, सरकी काढलेला. दुकानातली वात त्यांना चालत नसे, त्या म्हणायच्या तुझ्या कापसाची वात वाकत नाही. हनुक्का तिथे, आणि वात केळापूर तालुक्यातली. हे मी सरांना सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

पाणी आणि तेल यांच्यामध्ये ग्लासात एक रेघ दिसते. सगळा ग्लास त्या रेघेवर उभा असतो. रेघेच्या खालचं पाणी मागची जमीन जवळजवळ तशीच दाखवतं, निळी, थोडी सरकलेली. वरच्या तेलात पिवळा असतो, पण ज्योतीचा नव्हे, त्याहून मंद, मधासारखा. आणि ज्योत पेटली की पाण्याच्या तळाशी एक उजेडाचा ठिपका पडतो, जिथे कुणी दिवा ठेवलेलाच नाही. नवा माणूस काच पांढऱ्यानं काढतो. काचेला पांढरा नसतो. दोन ठिकाणी, काठावर आणि बुडाशी, बारीक लाइनरनं टिंब द्यायचं, बाकी सगळं मागच्या रंगानंच काढायचं. आठ ग्लासांना सव्वा तास लागला. तिसऱ्याचा काठ वाकडा गेला. घोडीचा एक पाय दगडावर होता. पुसला, पुन्हा काढला, तरी तो तिसरा मला दिसत राहील.

ज्योती अजून नाहीत. विझलेले आठ ग्लास.

पावणेपाच

सर आले. पाहिलं, खूश झाले, मग म्हणाले, “आता आठही पेटवून टाका. फोटो काढून पाठवायचाय.”

मी म्हटलं, आज एकच पेटेल. उद्या दुसरा. १ जानेवारीला आठवा. रोज संध्याकाळी येऊन एक ज्योत काढीन, उद्यापासून शाळा आहे, पोरांना रोज एक वाढलेली दिसेल.

“रोज येणार? मजुरी ठरली तेवढीच आहे हं.”

सात खेपांचं पेट्रोल माझं, हे मी गृहीतच धरलं होतं. सरांना हे विचित्र वाटलं असणार. पण हा वाद माझा नाही, दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. शम्माईच्या शिष्यांचं म्हणणं, पहिल्या रात्री आठ लावा आणि रोज एक कमी करा, जेवढे दिवस उरले तेवढे दिवे. हिलेलच्या शिष्यांचं म्हणणं, एकापासून सुरू करा आणि वाढवत न्या. पवित्र गोष्टीत चढायचं, उतरायचं नाही. हिलेलचं चाललं. शम्माईचं हिशेबात बसतं, मला तर ते जास्त खरं वाटतं, तेल संपतच असतं. पण भिंतीवर ज्योती रोज एकेक खरवडून काढणारा पेंटर लोकांना सहन होणार नाही.

सर म्हणाले, बघा बुवा. आणि मोबाइलवर आठ विझलेल्या ग्लासांचा फोटो काढून गेले.

सार्वजनिक ठिकाणी हनुक्काचा मोठा दिवा उभारायची रीत तशी नवी. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात लिबर्टी बेलसमोर एक छोटा लाकडी दिवा लावला गेला, पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात लाकडाचाच, पण चांगला उंच. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर उभा राहतो त्याचा आराखडा याकोव्ह आगाम या चित्रकाराचा. तिथेही वीस हातांचा हिशेब सुटलेला नाही. मुंबईत २००८ च्या डिसेंबरात, नरिमन हाउस या तिथल्या ज्यू केंद्रावरच्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा गेटवे ऑफ इंडियापाशी दिवा लावला. मी तेव्हा इथेच होतो, टीव्हीवर पाहिलं. लावणाऱ्यांच्या मागे समुद्र अगदी काळा दिसत होता. त्या जमिनीचा रंग आज मी सकाळी कालवला, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

पावणेसहाच्या सुमारास

सूर्य बुडाला की दहा-बारा मिनिटं असा उजेड असतो की रंग दिसतात आणि सावल्या दिसत नाहीत. ज्योत त्यातच काढायची.

कुठली? त्यांच्यात पहिला दिवा उजव्या टोकाचा. पुढचे डावीकडे वाढत जातात, पेटवताना मात्र नवीन आलेल्यापासून पेटवायचं. तेलाची ज्योत मेणबत्तीसारखी ताठ नसते. बुटकी असते, खाली पोटाळलेली, टोक जरा एका अंगाला. वातीचं टोक काळं आणि त्यावर शेंदरी ठिणगी, ती आधी. मग बुडाशी निळ्याची चाहूल. नारिंगी, त्याच्या आत पिवळा, पिवळा ओला असतानाच मधे पांढरा, आणि जवसाच्या तेलात बुडवलेल्या बिनरंगाच्या ब्रशनं कड उडवायची. शेवटी भोवतीचं वलय, बोटानं. हे काम ब्रशला जमत नाही.

एक बाई डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन चालली होती. थांबली, भाऱ्यामुळे मान न वळवता नुसते डोळे फिरवून बघितलं.

“एकच पेटला का?”

“उद्या दुसरा पेटीन.”

“बरं,” म्हणाली आणि गेली.

मी ब्रश हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो. काटकीवाली.

रात्री साडेआठ

घरी येऊन ब्रश धुवायला बसलो, तेवढ्यात इस्राएलमधल्या दिमोनाहून व्हिडिओ कॉल आला. नानांची मुलगी. नाना-मावशी गेले, ताई आता सत्तरीच्या पुढे आहेत. तिथे आपल्या साडेतीन तास मागे, पाच वाजलेले, अंधार नुकता पडलेला. दिमोनात बेने इस्राएल घरं बरीच आहेत. मराठीत ‘मायबोली’ नावाचं नियतकालिकही इस्राएलमधून निघत आलंय, त्याचे अंक ताई जपून ठेवतात.

“अरे, दिसतोयस का नीट? तू म्हातारा झालास रे.”

“तुम्ही नाही झालात, ताई.”

“चल, खोटारड्या.” टेबलावर कसलेतरी गोल तळलेले पाव होते. सुफगानियोत, म्हणाल्या, बटाटवड्यासारखे दिसतात आणि खाल्ले की आत जाम. तीस वर्षं झाली तरी फसते.

मग त्यांनी फोन भिंतीकडे फिरवला. मी आकाशी निळा शोधत होतो. फळी पांढरी होती. फटफटीत पांढरी.

“नातवानं दिला रंग,” ताई म्हणाल्या. “तुझा उडाला होता रे, पार.”

प्रायमर न मारता दिलाय, हे मला हजारो मैलांवरून दिसत होतं. उजव्या टोकाला पापुद्रे सुटले होते आणि त्या पापुद्र्यांखाली, नखाएवढा, माझा निळा होता की काजळी होती, कॅमेऱ्यात नक्की कळेना. चाकराची कडी मात्र स्पष्ट दिसली. वर, मधे, ताऱ्याच्या टोकावर. ती जागा मी भिंतीवर मोकळी ठेवलीच आहे. फक्त तिथे आता टोक नाही, कमान आहे.

नातवानं चाकर पेटवला, त्यावरून एक. पुटपुटत प्रार्थना झाली. मी विचारलं, ताई, फळी जरा जवळ घेता का, तो उजवा कोपरा—

“आता नाही,” त्या म्हणाल्या. “आता अर्धा तास काही करायचं नाही. आईचा नियम ठाऊक आहे ना? दिवे जळतायत तोवर बायकांनी हात बांधून बसायचं. फोन ठेवू नकोस. बस तूही.”

फोन त्यांनी कशाला तरी टेकवला. फळी चौकटीत तिरकी आली, दोन ज्योती, खाली ग्लासातली रेघ. नातू कुठेतरी उठून गेला. कुणी बोललं नाही.

माझ्या हातात ब्रश होता. टर्पेंटाइनची वाटी पायाशी होती. पांढरा एनॅमल केसांच्या मुळाशी गेला की अर्ध्या तासात धरतो, मग ब्रश टाकूनच द्यावा लागतो. चांगला ब्रश होता. मी तो वाटीच्या काठावर आडवा ठेवला.